जुन्या कंपनीच्या जागेवरच्या टाऊनशिपमध्ये घर घ्यावं का? (कंपनीत काम केलेल्यांनीही सांगा)

खिडकीतली_तुळस

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं आणि सहा वर्षांची लेक, सध्या डोंबिवलीत भाड्याने राहतो. आठ महिने घर बघतोय. ठाणे जिल्ह्यातच एका बंद पडलेल्या रंग-रसायनाच्या कंपनीच्या जागेवर मोठी टाऊनशिप होतेय, नाव मुद्दाम लिहीत नाही. चाळीसेक एकर, अकरा टॉवर, मधोमध बाग, शाळेची जागा, दवाखाना, खाली दुकानं, सगळं एकत्र आखलेलं. ओढाताण करून टूबीएचके जमेल असं दिसतंय. मला जागा आवडली हे आधीच सांगते.

गेल्या रविवारी बाबांना घेऊन गेले. बाबांनी त्याच कंपनीत २६ वर्षं काढलीत, मेंटेनन्सला फिटर होते. सेल्स ऑफिसात टाऊनशिपचं मॉडेल ठेवलंय ना काचेत, छोटी झाडं, छोट्या गाड्या, ते बाबा बराच वेळ बघत राहिले. मग मधल्या बागेवर बोट ठेवून म्हणाले, "इथे आपला खड्डा होता." मी विचारलं कसला. तर म्हणे शुद्धीकरणाचा प्लँट बसायच्या आधी खात्यातलं सगळं पाणी तिथे सोडायचे, उन्हाळ्यात वरचा थर सुकून जांभळा पडायचा आणि वारा सुटला की सगळ्यांचे शर्ट रंगायचे. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की जागा पूर्ण साफ केलेली आहे. तिलाही त्यापुढचं काही माहिती नसावं, बिचारी कालपरवा लागलेली वाटली.

रिक्षात बसल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "घे घर, चांगलं आहे. फक्त पोरीला त्या बागेतल्या मातीत खेळू देऊ नको."

तेव्हापासून झोप नाही. तर प्रश्न असे की अशा जागेची माती तपासलेली असते का, आणि ते आपल्याला बघायला मिळतं का? कुणी अशा ठिकाणी राहतंय का? दुसरं म्हणजे बाबांना त्यांचे पैसे नऊ वर्षांनी मिळाले, त्यांच्या बरोबरच्या काहींचे अजून अडकलेत. त्या जागेवर मी घर घेणं बरोबर आहे का, हाही प्रश्न डोक्यात आहेच.

---

पोहे_विथ_लिंबू

बाबांचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो. धागा वाचतोय.

---

सातरस्ता

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, मातीतलं मला कळत नाही.

माझे वडील लोअर परळच्या एका कापड मिलमध्ये साचे खात्यात, म्हणजे मागांवर होते. आम्ही डिलाईल रोडला, दहा बाय बाराची खोली, आत सात माणसं, आणि गावाकडचे दोघे पाळीपाळीने झोपायला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मी तेव्हा चौथीत होतो. संप संपला असं कुणी कधी सांगितलंच नाही, तो तसाच विरत गेला, काहींना परत घेतलं, वडिलांना घेतलं नाही. आईने खानावळ चालवली. वडील नंतर वॉचमन झाले.

आता जमिनीचं. गिरण्यांची जमीन जवळपास ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं. गिरणी विकायची किंवा पाडून नवीन बांधायची तर जमिनीचे तीन वाटे, एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. ऐकायला किती साधं आहे बघा. १९९६ ला सरकारने चार्ल्स कोरियांची समिती नेमली, त्यांनी सांगितलं की एनटीसीच्या, म्हणजे सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे सुटे सुटे तुकडे करू नका, सगळ्यांचा मिळून एकच आराखडा करा, स्टेशनांच्या आसपास मोकळी जागा ठेवा. ते कागदावर राहिलं. २००१ ला नियमातच बदल झाला आणि वाटणी फक्त त्या जमिनीची उरली जिच्यावर बांधकाम नव्हतं. म्हणजे १५ एकराची मिल असेल आणि १२ एकरावर शेड उभ्या असतील, तर वाटणी उरलेल्या ३ एकराची. पालिकेला पाच एकर मिळायचे तिथे एक एकर, म्हाडालाही साधारण तेवढाच. कोर्टात गेलं, २००५ ला उच्च न्यायालयाने पर्यावरणवाल्यांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. झालं.

गिरणी कामगारांसाठीच्या घरांची पहिली सोडत २०१२ ला, ६,९२५ घरं. २०२० ला ३,८९४. मध्ये एकदोन. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. आमचं नाव अजून लागलेलं नाही. वडील २०१४ ला गेले, आता अर्ज वारस म्हणून आईच्या नावाने आहे, आई ८१ ची आहे.

तुम्ही घर घेऊ नका असं मी म्हणणार नाही. तुमचे बाबा तिथे २६ वर्षं राबलेत, त्या जागेवर तुमच्याइतका हक्क कुणाचा असेल? पण बरोबर आहे का हा प्रश्न तुम्हाला पडला हेच मला फार बरं वाटलं.

---

चौथा_मजला

मी अशाच एका टाऊनशिपमध्ये सहा वर्षं राहतोय, मूळची इंजिनियरिंग कंपनी होती. दुसरी बाजू सांगायला हवी म्हणून लिहितो, राग मानू नका.

आधी आम्ही कळव्याला होतो, बिल्डिंगमधून पाय टाकला की थेट रस्ता, मुलगा आठ वर्षांचा होईपर्यंत सायकल शिकला नाही. इथे आल्यावर पंधरा दिवसांत शिकला. संध्याकाळी आई-बाबा खाली दोन फेऱ्या मारतात, गाडीची भीती नाही. वाचनालय आम्ही रहिवाशांनी सुरू केलं, गणपतीला तीनशे माणसं जेवतात. हे सुख कमी लेखू नका.

सातरस्ता, तुमच्या घरच्यांनी जे सोसलं त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण कारखाने बंद पडलेच होते. ती जमीन तशीच गंजलेल्या शेड घेऊन वीस वर्षं पडून राहिली असती तर कुणाचं भलं झालं असतं? शहराला घरं लागतातच, ती शेतं आणि खाजण बुजवून बांधण्यापेक्षा इथे बांधलेली बरी.

---

सातरस्ता

घरं बांधू नका असं कोण म्हणतंय? वाटणी करून बांधा एवढंच तर होतं त्या नियमात.

---

झुणका_एक्सप्रेस

+१ सातरस्ता.

आणि चौथा_मजला यांनाही +१, सायकलसाठी. आमचा अजून गॅलरीत चालवतो, गॅलरी पाच फूट.

---

भोंगा

अवांतर, पण राहवत नाही. माझा आयडी बघाच. लालबागला घड्याळ नव्हतं कुणाकडे, कशाला लागतंय? भोंग्यावर दूध उतरवायचं, भोंग्यावर पोरं शाळेत. प्रत्येक मिलचा आवाज वेगळा, आजी डोळे मिटून सांगायची हा कुठला. तिसरी पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरायचा, सगळ्यांच्या केसांत कापूस, आम्ही पोरं त्यांना म्हातारे झाले म्हणायचो.

आता तिथे टॉवरच्या खालून जाताना काचेवर ऊन पडून डोळे दिपतात. फिनिक्स मिलची धुराची चिमणी तेवढी उभी आहे. नातवाला दाखवली तर विचारतो आजोबा हा कसला टॉवर, याला खिडक्या का नाहीत.

---

मैत्रेयी_नाशिक

@भोंगा काका, खिडक्या नसलेला टॉवर! हे घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. काय उत्तर दिलंत?

---

भोंगा

म्हटलं याच्या आत धूर राहायचा रे, आणि धुराला एकच खिडकी, ती वर.

---

नकाशावाला

मी नगररचनेत काम केलेला माणूस आहे, निवृत्त. धाग्याचा मूळ प्रश्न मागे पडू नये म्हणून जरा रुक्ष लिहितो.

गिरण्यांचा नियम वेगळा आणि बाकी कारखान्यांचा वेगळा, हे लोक नेहमी एकत्र करतात. ठाणे, भांडुप, कुर्ला, पिंपरी इथल्या कंपन्यांच्या जमिनीला म्हाडाचा तिसरा वाटा वगैरे नव्हता. तिथे झोन बदलावा लागतो, औद्योगिकचा निवासी. बोलताना आम्ही त्याला आय टू आर म्हणतो. त्यात काही जागा सार्वजनिक सोयींसाठी सोडावी लागते आणि बंद कारखाना असेल तर कामगार आयुक्तांचं ना-हरकत पत्र लागतं, की कामगारांची देणी भागवलेली आहेत किंवा तसा करार झालाय. ताई, तुमच्या बाबांच्या सहकाऱ्यांचे पैसे अडकलेत म्हणता, तर ते पत्र कुठल्या आधारावर दिलं गेलं हे माहिती अधिकारात विचारता येईल. मी तुमच्या जागी असतो तर हे पहिलं केलं असतं, घर घ्यायचं असो वा नसो.

दुसरं, मिळकत पत्रिका किंवा सातबारा नीट वाचा. बऱ्याच कंपन्यांना ही जमीन एकतर भूसंपादन करून उद्योगासाठी दिलेली असते किंवा कमाल नागरी जमीन धारणा कायद्याच्या कलम २० खाली मर्यादेपेक्षा जास्त जमीन ठेवायची सूट असते. तो कायदा महाराष्ट्रात २००७ ला गेला पण कलम २० चा शेरा तसाच राहिला आणि त्यापायी कितीतरी सोसायट्या अडकल्या. सरकारला प्रीमियम भरलाय का, पावती दाखवा म्हणायचं.

तिसरं, माझं स्वतःचं दुःख. टाऊनशिपच्या आत सगळं आखीव असतं, आणि गेटच्या बाहेरचा रस्ता तोच, कारखान्याच्या ट्रकांसाठी केलेला. गिरणगावात हेच झालं. मिलमध्ये माणूस चालत यायचा, चाळ समोरच. ऑफिसं आली आणि माणसं लोकलने यायला लागली, पण पूल तेच जुने. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून गेली. पाऊस होता, हे खरं, पण सकाळी साडेदहाला त्या अरुंद जिन्यावर एवढी माणसं कुठून आली याचं उत्तर मिलच्या जमिनींच्या नकाशावर आहे. तीनच महिन्यांनी कमला मिलच्या आवारात आग, १४ जीव गेले. पुढच्या वर्षी डिलाईल रोडचा पूल धोकादायक म्हणून बंद केला तो पूर्ण उघडायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. एकत्र आराखडा करा असं समितीने १९९६ ला सांगितलं होतं. मी तो अहवाल तरुणपणी वाचलाय, तेव्हा वाटलं होतं आपल्या हयातीत हे होणार.

---

ऑरेंजसिटी

नागपूरचं सांगतो. आमच्याकडे एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांनी काढली, १ जानेवारी १८७७, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, म्हणून हे नाव. माझ्या आजोबांच्या तोंडी 'मिल' म्हटलं की एकच. गांधीसागर तलावाच्या बाजूला आता तिथे मॉल आहे अन् फ्लॅट. मी तिथे सिनेमा पाहाले जातो तर आजी म्हणते, कुठं चालला? मी म्हणतो मॉलमध्ये. ती म्हणते असं सांग न, मिलमध्ये चालला.

---

सिद्धेश्वर_पेठ

सोलापूरची जुनी मिलपण १८७७ चीच की हो! मिल जाऊन जमाना झाला, पत्ता अजून जुनी मिल कंपाउंडच सांगतात. रिक्षावाल्याला दुसरं नाव सांगितलं तर तो आधी विचारतो, म्हंजे जुन्या मिलपाशी का?

---

झुणका_एक्सप्रेस

म्हणजे मिल पाडता येते पण रिक्षावाल्याच्या डोक्यातून काढता येत नाही. प्रत्येक गावात हेच.

कुर्ल्याला आमचे मामा अजून 'प्रीमियरला' उतरतात. पद्मिनी गाडी जिथे बनायची तिथे आता कोहिनूर सिटी.

---

माती_परीक्षा

धागा आत्ता दिसला, उशीर झाला. मी पर्यावरण प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे, माती-पाण्याचे नमुने हाच माझा रोजचा धंदा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

ताई, तुमच्या बाबांनी जे सांगितलं ते शंभर टक्के गंभीरपणे घ्या. रंगाच्या कारखान्यात काय काय असू शकतं तर क्रोमियम, तांबं, शिसं, सॉल्व्हंट (विरघळवायला वापरायची द्रव्यं), आणि काही जुन्या रंगांच्या कच्च्या मालात असलेली अमाईन नावाची रसायनं, ज्यातली काही कर्करोग करणारी आहेत. हे सगळं असेलच असं नाही. पण खड्डा उघडा, खाली अस्तर नसलेला असेल तर पाणी खाली मुरलेलं असणार. याशिवाय बॉयलरची राख, जमिनीखालची फर्नेस ऑइलची टाकी, ट्रान्सफॉर्मरचं तेल, शेडचे ॲसबेस्टॉसचे पत्रे फोडून भरावात टाकलेले, ही कुठल्याही जुन्या कंपनीत सापडणारी मंडळी. कापड गिरणीतसुद्धा ब्लीचिंग आणि रंगखातं असायचंच.

आता तपासतात का? वीस हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, म्हणजे तुमच्या टाऊनशिपला नक्की लागली असणार. त्या अर्जात माती आणि भूजलाचे अहवाल जोडलेले असतात आणि ते सरकारच्या परिवेश पोर्टलवर कुणालाही बघता येतात. मंजुरीच्या पत्रातही बहुधा अट असते की माती आणि भूजल तपासून जड धातू पाण्यात उतरत नाहीत याची खात्री करा. दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो, तोही मागा.

पण खरी गोम कुठे असते सांगू? नमुना कुठून घेतला. मी स्वतः अशा साइटवर गेलोय जिथे सांगितलं गेलं की गेटजवळच्या चार ठिकाणची माती घ्या. गेटजवळ काय असतं, बाग आणि सायकल स्टँड. ती माती स्वच्छच निघणार, आणि आमचा अहवालही खोटा नसतो, त्यात लिहिलेलं सगळं खरं असतं. खड्डा कुठे होता, ड्रेन कुठून जायचा हे आम्हाला कोण सांगणार? कंपनीचे नकाशे बहुतेक वेळा रद्दीत गेलेले असतात. ते फक्त तिथल्या फिटरला, ऑपरेटरला माहीत असतं. तुमच्या घरात तो माणूस आहे. त्यांच्याकडून आठवेल तसा नकाशा काढून घ्या. हात जोडून सांगतो, आजच घ्या.

---

पोहे_विथ_लिंबू

टाळ्या. हा प्रतिसाद सेव्ह केला.

---

पीचट्री_कुलकर्णी

अटलांटाहून. आमच्या इथे अगदी असंच एक उदाहरण आहे, अटलांटिक स्टेशन. १९०१ पासूनचा पोलाद कारखाना, १३८ एकर, १९९८ ला बंद पडला आणि २००५ ला तिथे घरं, ऑफिसं, दुकानं असलेली नवी वस्ती उघडली. माझी बहीण तिथे भाड्याने राहायची म्हणून मला त्यातलं कळलं.

त्यांनी काय केलं, तर जिथे माती फार खराब होती ती उचलली, आणि बाकी ठिकाणी वर झाकण टाकलं. म्हणजे दुकानांखाली भलंमोठं पार्किंग आहे ते स्वतःच झाकण, आणि जिथे घरं आहेत तिथे स्वच्छ मातीचा थर. भूजल गोळा करून शुद्ध करायची सोयही ठेवली. हायवेने तो तुकडा शहरापासून तोडला होता म्हणून आधी त्यावरून मोठा पिवळा पूल बांधला. @नकाशावाला काका, तुमचं गेटबाहेरच्या रस्त्याचं दुखणं वाचून हेच आठवलं.

पण इथे हे कायदे सुखासुखी आले नाहीत हो. न्यूयॉर्क राज्यात लव्ह कॅनॉल म्हणून जागा आहे, तिथे एका रसायन कंपनीने कालव्यात हजारो टन कचरा पुरला, १९५३ ला ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला दिली, कागदावर लिहून की खाली रसायनं आहेत आणि पुढे काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. त्यावर शाळा झाली, आसपास घरं झाली. १९७८ ला आणीबाणी जाहीर करून माणसं हलवावी लागली, मुलं आजारी पडायला लागली होती, आणि ते उघडकीला आणलं तिथल्या आयांनी. त्यानंतर १९८० चा सुपरफंड कायदा आला, अशा दूषित जागा साफ करण्यासाठीचा.

म्हणून तुळसताई, आईला झोप येत नाहीये म्हणजे काहीतरी आहे, एवढं मी मानते.

---

माती_परीक्षा

@पीचट्री_कुलकर्णी, आपल्याकडे जुलै २०२५ ला केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढलेत. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थांनी किंवा जिल्हा प्रशासनाने करून राज्याच्या प्रदूषण मंडळाकडे द्यायची, मग तपासणी, आणि ज्याने घाण केली त्याने खर्च भरायचा. नियम नवीन आहेत. पण नागरिकाने लेखी कळवलं की अमुक ठिकाणी खड्डा होता, तर आता त्याला निदान एक खण आहे कुठेतरी.

---

दस्तनोंदणी

व्यवसायाने वकील, सदनिका खरेदीचीच कामं करते, म्हणून थोडं.

टाऊनशिपमध्ये प्रत्येक टॉवर किंवा टप्पा महारेराकडे वेगळा नोंदवतात. तुमच्या टॉवरची पूर्णत्वाची तारीख वेगळी, आणि ब्रोशरमधली शाळा-बाग-दवाखाना भलत्याच टप्प्यात असू शकतात, दहा वर्षांनी येणारे. म्हणून करारात बघा बाग कुठल्या टप्प्यात लिहिलीय. मंजूर लेआऊट मागा, मॉडेल नको. बाग जमिनीवर आहे की पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर, हेही बघा, २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की किमान लागणारी खेळायची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर धरता येणार नाही. आणि जमिनीची मालकी सगळ्या सोसायट्यांच्या मिळून संघाच्या नावावर होते, तेही शेवटचा टॉवर झाल्यावर. तोपर्यंत मातीखाली काही निघालं तर तुमचा जमिनीवर कागदोपत्री हक्क नसतो, याचा विचार कुणी करत नाही.

तुळस, तुमच्या केसमध्ये एक गंमतशीर पेच आहे, बाग पोडियमवर असती तर मुलगी मातीपासून दूर राहिली असती, आणि कायद्याने बाग मातीवरच हवी. म्हणजे मातीच साफ करणं भाग आहे.

---

चौथा_मजला

दोन दिवस हा धागा वाचतोय. काल सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं की आपल्या जागेच्या मातीचा अहवाल कुणी बघितलाय का. चारशे घरांत एकानेही नाही, मीसुद्धा नाही. आम्ही बागेला बोअरवेलचं पाणी घालतो आणि मुलं त्याच पाइपने एकमेकांना भिजवतात. पाण्याचा नमुना देणार आहोत, @माती_परीक्षा काय काय तपासायला सांगू?

सातरस्ता, तुम्ही म्हणालात वाटणी करून बांधा. मला तेव्हा टोचलं होतं, उत्तर दिलं नाही. आमच्या कंपनीत नऊशे कामगार होते म्हणे. गेली सहा वर्षं आम्ही दरवर्षी वर्धापनदिन करतो, त्यातल्या एकालाही कधी बोलावलं नाही, सुचलंच नाही. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवाल्याला विचारलं तर त्याने दोघांची नावं लगेच सांगितली.

---

माती_परीक्षा

जड धातूंचा पूर्ण संच, हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) वेगळं सांगून, तेल-ग्रीस, आणि इंजिनियरिंग कंपनी होती म्हणून सॉल्व्हंट नक्की, सुटे भाग धुवायला वापरायचे. त्यासाठी बाटली काठोकाठ भरून घेतात, हवा ठेवायची नाही. बिसलेरीच्या बाटलीत भरून आणू नका, लोक आणतात.

---

सातरस्ता

@चौथा_मजला वाचलं. बोलवा त्यांना. जेवायला बोलवा, भाषणाला नको.

---

खिडकीतली_तुळस

मंडळी, सगळ्यांना एकेकाला उत्तर देता आलं नाही, माफ करा. आठवडाभरात काय काय झालं ते लिहिते.

माती_परीक्षा यांचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते उठले, टाऊनशिपचं ब्रोशर घेतलं, मागचं पान कोरं होतं, त्यावर पेन्सिलीने काढायला बसले. आधी गेट, टाइम ऑफिस, कँटीन, मग खातं नंबर एक ते पाच. एका ठिकाणी अडले, जुनी भूमिगत टाकी बॉयलरच्या अलीकडे की पलीकडे. तर फोन लावला, आणि रविवारी त्यांचे तिघे मित्र घरी आले, एक ऑपरेटर, एक लॅबमधले, एक ड्रेनेजवर होते. चार तास बसले. टाकीवरून इतकं भांडण झालं की शेजारच्या काकू बघायला आल्या. शेवटी ड्रेनेजच्या काकांनी सांगितलं, टाक्या दोन होत्या, एक १९७९ ला बुजवली आणि दुसरी नंतर केली, म्हणून दोघांचंही खरं. बाबा म्हणाले हे मला २६ वर्षांत माहीत नव्हतं.

पोर्टलवर मंजुरीची कागदपत्रं सापडली, नवऱ्याने दोन रात्री बसून काढली. मातीचे सहा नमुने घेतलेत. बाबांचा नकाशा आणि तो नकाशा एकावर एक ठेवून बघितला, सहाही पूर्वेला, जिकडे कँटीन आणि स्टाफ क्वार्टर होते तिकडे. खड्ड्यापाशी एकही नाही, टाक्यांपाशी एकही नाही. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. त्यांनाही कुणी सांगितलं नसेल.

बिल्डरला पत्र दिलंय, नकाशाची प्रत जोडून, की बागेच्या जागी दोन आणि टाक्यांच्या जागी दोन असे चार नमुने घ्या आणि निकाल आम्हाला दाखवा, मगच बुकिंग. पत्रावर बाबांची आणि तिन्ही काकांची सही आहे, नावापुढे प्रत्येकाने कंपनीतला आपला तिकीट नंबर घातलाय, न सांगता. तिथल्या एका इंजिनियरचा फोन आला, चांगला बोलला, म्हणाला असा नकाशा आम्हाला हवाच होता, पुढच्या बुधवारी बोअर मारायचं मशीन येतंय. तीच प्रत प्रदूषण मंडळालाही पाठवली. कामगार आयुक्तांच्या पत्रासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लॅबवाल्या काकांनी स्वतःच्या नावाने टाकला, त्यांचे पैसे अजून यायचेत.

घराचं अजून ठरलेलं नाही. लेकीला पाचवा मजला हवाय, तिथून खाडी दिसते म्हणून.

---

माती_परीक्षा

ताई, बुधवारी तिथे हजर राहा. नमुना किती खोलीवरचा ते बघा, एक मीटरवर थांबू देऊ नका, वर नवा भराव असणार, निदान तीन मीटर आणि जिथे मातीचा रंग किंवा वास बदलेल तिथला वेगळा घ्यायला सांगा. बाटलीवर जागा-तारीख लिहून सील करताना फोटो काढा. आणि बाबांना न्या, नेमकं बोट ठेवायला.

---

खिडकीतली_तुळस

ते येणारच आहेत. मोजायची जुनी टेप आणि पट्टी काढून ठेवलीय, म्हणतात गेटच्या डाव्या खांबापासून ११० पावलं, खांब अजून तोच आहे.

---

भोंगा

टोपी आणि पाण्याची बाटली द्या बरोबर, ऊन फार आहे. बुधवारी रात्री कळवा, मी जागा असतो.